मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटी

प्रा. वि. म. दांडेकर आणि डॉ. नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्या वेळी माणसाला दररोज सरासरी 2,250 उष्मांकांचे अन्न मिळू शकेल एवढा खर्च ही त्यांनी किमान मर्यादा मानली होती. त्या मर्यादेवरून पुढे अनेक वर्षे वाद झाले; पण त्या वादातून एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनावर कायमची ठसली. रेषा हे मोजणीचे साधन असते. ती समाजात प्रत्यक्ष आखलेली नसते. रेषेच्या चार आणे वर असलेला माणूस चार आणे खाली असलेल्या माणसाहून सुखी असतो असे नाही. योजनेच्या यादीतून मात्र त्याचे नाव गळते.

रक्तातील साखरेच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे. उपाशीपोटी दर 100 मिलिलिटर रक्तात 126 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर आढळली, अथवा ग्लुकोजचे पाणी प्यायल्यानंतर दोन तासांनी ती 200 वर गेली, की त्या माणसाला मधुमेही म्हणतात. ज्याचा आकडा 120 येतो, त्याला बहुधा ‘तुम्हाला साखर नाही’ असे सांगून निरोप दिला जातो. तो आनंदाने घरी जातो आणि पुढची पाच-दहा वर्षे पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. ही रेषा किती मानवनिर्मित आहे हे तिच्या इतिहासावरून दिसते. 1997 पर्यंत उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा 140 होती. त्या वर्षी अमेरिकेतील तज्ज्ञांनी ती 126 वर आणली. 130 साखर असलेला माणूस एका रात्रीत रोगी ठरला. त्याच्या रक्तात मात्र कोणताही बदल झालेला नव्हता. निरोगी आणि मधुमेही यांच्या मधल्या अवस्थेला 1979-80 च्या सुमारास प्रथम स्वतंत्र नाव मिळाले. तिला आज पूर्वमधुमेह म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती उपाशीपोटी 110 पासून सुरू होते, तर 2003 पासून अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते 100 पासूनच. जेवणानंतरच्या, म्हणजे ग्लुकोजनंतर दोन तासांच्या चाचणीत 140 ते 199 हा तिचा पल्ला आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने 2008 ते 2020 या काळात सर्व राज्यांत एक लाख तेरा हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. तिचे एकत्रित निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटी 10 लाख आहेत, आणि पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत असलेले 13 कोटी 60 लाख. मधुमेहाच्या प्रमाणात गोव्याने 26.4 टक्क्यांसह देशात पहिला क्रमांक मिळवला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती या पहिल्या आकड्याची. दुसरा आकडा त्याहून मोठा असूनही त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. कारण उघड आहे. जो अजून रोगी नाही, त्याची चिंता कोणी वाहायची, असा प्रश्न मनात येतो आणि तेथेच विचार थांबतो.

हृदयाला रेषा ठाऊक नाही

हा विचार तेथे थांबता कामा नये, याचे कारण हृदय आहे. मधुमेहामुळे डोळे आणि मूत्रपिंडे बिघडतात ती मुख्यतः साखर बरीच वाढल्यानंतर. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे तसे नाही. लंडनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ या नावाने गाजलेल्या पाहणीत 40 ते 64 वयाच्या 18,403 पुरुषांना ग्लुकोजचे पाणी देऊन दोन तासांनी त्यांचे रक्त तपासले होते. सुमारे साडेसात वर्षांनंतरचे निष्कर्ष 1980 साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर मधुमेहाच्या हद्दीत नव्हती, पण पाहणीतील सर्वांत वरच्या पाच टक्क्यांत मोडत होती, त्यांच्यातही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. 1999 साली युरोपातील अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मृत्यूचा धोका ओळखण्यासाठी उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा दोन तासांनंतरची साखर अधिक उपयोगी पडते. आपल्याकडच्या शिबिरांतून बोटाला सुई टोचून जी एक चाचणी केली जाते, तिच्या मर्यादा यावरून ध्यानात याव्यात.

प्रश्न उलट बाजूने विचारला तर उत्तर अधिकच बोलके मिळते. स्वीडनमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या, पण मधुमेहाचे निदान कधीच न झालेल्या 181 रुग्णांची रुग्णालयातून घरी जाताना ग्लुकोज चाचणी घेण्यात आली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 31 टक्के रुग्णांना मधुमेह असल्याचे आणि आणखी 35 टक्के पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत असल्याचे आढळले. म्हणजे हृदयाने दार ठोठावल्यावरच तिघांपैकी दोघांना आपल्या साखरेचा पत्ता लागला.

रोग जडणे आणि तो किती तीव्र असणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. हृदयाच्या रक्तवाहिन्या कोठे आणि किती अरुंद झाल्या आहेत हे अँजिओग्राफीत दिसते, आणि त्यावरून तीव्रतेचे गुणांकन करता येते. 1983 पासून प्रचलित असलेल्या गेन्सिनी पद्धतीत अरुंदपणा वाढत जातो तसे गुण दुप्पट होत जातात. 75 टक्के अरुंदपणाला जितके गुण, त्याच्या दुप्पट 90 टक्क्यांना, आणि मुख्य वाहिनीतील अडथळ्याला आडवाटेवरील अडथळ्यापेक्षा अधिक वजन. मधुमेह नसलेल्या रुग्णांचे असे गुण त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेशी, म्हणजे ‘एचबीएवनसी’शी ताडून पाहणारे अभ्यास निरनिराळ्या देशांत झाले आहेत. साखरेची पातळी चढती तसा रोगही अधिक वाहिन्यांत पसरलेला, असे त्यांतील अनेकांत आढळते. हे रुग्ण मुळातच छातीच्या तक्रारी घेऊन आलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून सबंध समाजाविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी हे खरे. पण मधुमेहाची रेषा ओलांडेपर्यंत रक्तवाहिन्या अबाधित राहतात, ही समजूत त्यांतून पुरती खोटी ठरते.

याची कारणमीमांसाही समजण्यासारखी आहे. रक्तातील साखर वाढू लागण्याच्या कितीतरी आधी शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून काही वर्षे वेळ मारून नेते, म्हणून साखरेचा आकडा सभ्य दिसतो. दरम्यान यकृतात आणि पोटाच्या पोकळीत मेद साचतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, हितकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. साखर हा या टोळीतील एक सभासद आहे. तो उघडपणे पकडला जातो तेव्हा बाकीच्यांनी आपले काम बरेचसे उरकलेले असते.

एक आक्षेप आणि त्याचे गणित

या प्रतिपादनावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो, आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रेषा खाली ओढून कोट्यवधी धडधाकट माणसांना रोगी ठरवण्याचा हा उद्योग औषध कंपन्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या सोयीचा आहे, असे अनेक विचारी डॉक्टरही म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. जगभरातील 129 अभ्यासांचा, एक कोटीहून अधिक माणसांची नोंद असलेला एकत्रित आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वमधुमेही व्यक्तींना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सामान्यांपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी अधिक आढळला. प्रत्यक्षात याचा अर्थ वर्षाला दहा हजार माणसांमागे सुमारे नऊ जादा घटना. एकट्या माणसाच्या दृष्टीने हा धोका नगण्य वाटावा असाच आहे. हृदयरोग आधीच जडलेल्यांत मात्र चित्र पालटते. त्यांच्यात पूर्वमधुमेहाची भर पडली, तर मृत्यूचा धोका तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढलेला दिसतो.

परंतु एकट्या माणसाचा हिशेब आणि समाजाचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत. जेफ्री रोझ या इंग्लिश साथरोगतज्ज्ञाने 1985 साली हा मुद्दा स्पष्ट केला: थोडा धोका असलेली पुष्कळ माणसे, पुष्कळ धोका असलेल्या थोड्या माणसांपेक्षा अधिक रोगी निर्माण करतात. दहा हजारांमागे नऊ हे प्रमाण 13 कोटी 60 लाखांना लावून पाहिले, तर वर्षाला एक लाख वीस हजारांच्या घरातील जादा घटना होतात. हे प्रमाण मुख्यतः परदेशांतील पाहण्यांवरून आलेले असल्याने हा आकडा केवळ अदमास आहे. पण तो फुगवलेला असेल, असे मानण्यास आधार नाही. 52 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून 2007 साली असे दिसले की, दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय 53 आहे. इतर देशांत ते 59 च्या आसपास आहे. या सहा वर्षांत मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते अशा साऱ्या गोष्टी येतात. कर्त्या माणसाच्या हृदयाने दगा दिला की कुटुंब नुसते शोकात बुडत नाही. ते कर्जात बुडते आणि पुढच्या पिढीची एक पायरी खाली येते.

गोळीची मर्यादा

मग या तेरा-साडेतेरा कोटींना साखर उतरवणारी गोळी देऊन मोकळे व्हावे काय? आक्षेपकांची भीती येथे रास्त ठरते, आणि विज्ञानाने तिला पुष्टीच दिली आहे. पूर्वमधुमेही व्यक्तींवर नेटेग्लिनाइड या औषधाचा प्रयोग झाला. 2010 साली त्याचा हृदयाला उपयोग नसल्याचे दिसले. इन्सुलिन लवकर सुरू करण्याचा प्रयोग झाला. 2012 साली तेच उत्तर आले. चीनमधील हृदयरोग्यांना अकार्बोज देऊन पाहिले. 2017 साली असे आढळले की मधुमेह काहीसा टळला, हृदयविकार टळले नाहीत. केवळ साखरेचा आकडा खाली आणल्याने हृदय वाचते असे नाही. टोळीतला एक सभासद पकडून दरोडे थांबत नाहीत, हाच याचा अर्थ.

याउलट आहार आणि श्रम यांत बदल केल्यास काय होते, याची साक्ष भारतातूनच मिळते. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 531 पूर्वमधुमेही व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी 55 टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या आहार-व्यायामाचा पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. मेटफॉर्मिन या स्वस्त औषधाने जवळजवळ तेवढेच साधले. दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही पदरात पडले नाही. म्हणजे साधारण सहा-सात माणसांचा पाठपुरावा केला, तर तीन वर्षांत एक मधुमेही कमी. सार्वजनिक खर्चाचा इतका सरळ मोबदला देणाऱ्या योजना फार थोड्या असतात.

हृदयाच्या बाबतीत मात्र दीर्घ धीर हवा. चीनमधील दाचिंग शहरात 1986 साली 577 पूर्वमधुमेही प्रौढांवर सुरू झालेल्या प्रयोगात सहा वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन केले होते. तीस वर्षांनंतर पाहिले तेव्हा त्या गटात मधुमेह सरासरी चार वर्षे लांबला होता, हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना 26 टक्क्यांनी कमी होत्या आणि आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढले होते. अमेरिकेतील अशाच प्रयोगाच्या एकवीस वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र हृदयाचा असा लाभ दिसला नाही. तेथे सर्वच गटांना रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे मोठ्या प्रमाणावर मिळत होती. या दोन्ही निष्कर्षांतून एकच धडा निघतो. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा विचार एकत्र करावा लागतो; आणि जेथे औषधांचा पुरवठा तुटपुंजा, तेथे आहार आणि श्रम यांचे मोल अधिक.

जीवनशैली कोणाच्या हाती?

येथवर आल्यावर ‘जीवनशैली बदला’ असा उपदेश करून लेखणी खाली ठेवण्याची प्रथा आहे. त्या उपदेशात एक गृहीत दडलेले असते: माणूस काय खातो आणि किती चालतो हे तो स्वतः मोकळेपणाने ठरवतो. अर्थशास्त्र असे मानत नाही. माणूस निवड करतो ती किमती, उत्पन्न आणि वेळ यांच्या चौकटीत. ही चौकट कोणी घडवली?

तिचा एक भाग गर्भातच घडतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला आहे. तेथील नवजात बालके वजनाने इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच लहान होती. पण त्यांच्या अंगावर मेदाचे प्रमाण मात्र टिकून होते, कमी होते ते स्नायू. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी डॉ. युडकिन यांनी एक साधी तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, देहभारांक 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय आतून सडपातळ असतोच असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाचा हा वारसा आहे. त्याला ‘सुखवस्तूंचा रोग’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे.

चौकटीचा दुसरा भाग बाजारात आणि शासनाच्या धोरणात आहे. दांडेकर-रथ यांच्या काळात प्रश्न उष्मांकांच्या तुटवड्याचा होता आणि देशाने तो धान्य पिकवून सोडवला, हे यश लहान नव्हे. परंतु धान्य म्हणजे तांदूळ आणि गहू, असे समीकरण त्यातून रूढ झाले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. तरी शिधापत्रिकेवर प्रामुख्याने पडतात ते तांदूळ आणि गहूच, आणि डाळीचा हक्क त्या कायद्याने दिलेलाच नाही. परिणामी गरिबाच्या ताटात उष्मांक स्वस्त झाले, प्रथिने आणि भाज्या महागच राहिल्या. ज्या महाराष्ट्रात ज्वारीची भाकरी हे कष्टकऱ्याचे अन्न होते, तेथे तीच आता खिशाला जड जाणारी वस्तू ठरू पाहते. दोन नोकऱ्यांच्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वडापाव खाणाऱ्या माणसाला मोड आलेल्या कडधान्याचे माहात्म्य सांगणे सोपे आहे. ते त्याला त्याच पैशांत आणि त्याच पाच मिनिटांत मिळवून देणे हे धोरणाचे काम आहे. पदपथ फेरीवाल्यांना, मोटारींना आणि खोदकामाला वाटून दिल्यावर नागरिकांना चालण्याचा सल्ला देणे हाही त्याच प्रकारचा विनोद होय.

खर्चाचा क्रम

चौकटीचा तिसरा भाग आरोग्यव्यवस्थेच्या खर्चाच्या क्रमात आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. तो निर्णय स्तुत्य होता. राज्यातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून गरिबांच्या अँजिओप्लास्टीचा भार शासन उचलते, हेही योग्यच. पण ही सारी मदत रक्तवाहिनी तुंबल्यानंतरची आहे. तिच्या वीस वर्षे आधी, त्याच माणसाची साखर 115 आली होती तेव्हा, त्याच्यावर शासनाचा किती रुपया खर्च झाला? तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण त्याची रचना रोगी शोधण्यासाठी आहे. उंबरठ्यावर सापडलेल्याचे पुढे काय करायचे, त्याला कोणी आणि केव्हा परत बोलवायचे, याची जबाबदारी ठरलेली नाही.

ती ठरवणे फार खर्चाचे नाही. आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीत ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन रकान्यांमध्ये तिसरा रकाना असावा. त्यात नाव आलेल्याची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर दरवर्षी पाहिला जावा. संशय असेल तेथे दोन तासांची चाचणी व्हावी, कारण पंडुरोग असलेल्या व्यक्तीत एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया पंडुरोगी आहेत. मजुरी बुडवून सकाळी उपाशीपोटी तालुक्याला येणे ही गरिबाच्या दृष्टीने चाचणीची खरी किंमत असते. म्हणून चाचणी त्याच्या वस्तीत आणि त्याच्या वेळेला व्हावी. रेशनवर डाळ आणि ज्वारी यावी. गरोदर मातेच्या ताटाकडे आजवर बालमृत्यूच्या दृष्टीने पाहिले गेले. त्याकडे पन्नास वर्षांनंतरच्या हृदयाच्या दृष्टीनेही पाहिले जावे. आणि ज्याच्या हृदयाने इशारा दिला आहे, त्या प्रत्येकाची ग्लुकोज चाचणी झाल्याखेरीज त्याला रुग्णालयातून घरी सोडू नये.

या सूचनांत नवे असे काही नाही. अडचण आहे ती हिशेबाच्या कालखंडाची. आज केलेल्या खर्चाचे फळ वीस-तीस वर्षांनी मिळणार, आणि निवडणुका पाच वर्षांनी येणार. टळलेल्या झटक्याचे उद्घाटन करता येत नाही. नव्या अँजिओग्राफी केंद्राचे येते. म्हणून जो रोग अजून झालेला नाही त्याला अंदाजपत्रकात वाली नसतो. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या साडेतेरा कोटी माणसांना मागे वळवायचे की आत ढकलायचे, याचा निर्णय न घेणे हाही एक निर्णयच आहे. त्याचे बिल आज सरकारी खजिन्यात दिसत नाही इतकेच. ते घरोघरच्या मंगळसूत्रांवर आणि जमिनीच्या तुकड्यांवर चढत आहे.